आतून दिलेला रंग

आमच्या घरात मार हा बोलण्याचाच एक प्रकार होता. बाबा नगरच्या लष्करी वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याची शेड उभारली आणि गॅरेज काढलं. लिलावात निघालेल्या जुन्या जीपा दुरुस्त करता करता त्यांच्याकडे आणखी जुन्या गाड्या यायला लागल्या. स्वातंत्र्याच्या आधीच्या, विलायती, ज्यांचे भाग कुठं मिळत नाहीत, घडवावेच लागतात. मी आणि माझा थोरला भाऊ तिथंच शिकलो. बाबांनी चौदाचा पाना मागितला आणि हातात सतराचा आला, तर तो सतराचाच पाठीत बसायचा. मुलगी म्हणून मला सूट नव्हती. "इंजनाला कळतं का, तू पोरगी हाय म्हनून?" असं ते विचारायचे. नेवासा तालुक्यातल्या गावची बोली त्यांच्या तोंडात शेवटपर्यंत राहिली.

मी इंजिनात रमले, दादा रंगात. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आई म्हणायची, बापाचा कान हिच्याकडं आला आणि हात त्याच्याकडं. ते खरं होतं. इंजिन चालू केलं की कुठल्या सिलिंडरमध्ये काय दुखतंय ते मला ऐकू यायचं. आणि दादाला राग आला की समोर कोण आहे ते त्याला दिसायचं नाही. त्यानं गिऱ्हाइकाच्या गाडीची काच फोडलेली मी पाहिली आहे. शेजारच्या टायरवाल्याचं डोकं फोडलेलं पाहिलं आहे. वहिनींच्या दंडावरचे वळ पाहिले आहेत आणि नजर दुसरीकडे वळवली आहे. आई गेली, मग बाबा गेले, आणि गॅरेज आम्हा दोघांवर आलं. माझं लग्न झालं नाही. बघायला येणारे माझी नखं बघून परत जायचे.

सोनईचे डॉक्टर आमच्याकडे आले ते चारेक वर्षांपूर्वी. जनावरांचे डॉक्टर. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. त्यांच्या वडिलांनी घेतलेली सहा सिलिंडरची एक विलायती गाडी त्यांनी जन्मभर वापरली होती. घोडेगावच्या बाजारात गाई-बैल तपासायला ते त्याच गाडीतून जायचे. मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या, आणि एकदा तर म्हणे आजारी वासरूसुद्धा. आता ती अकरा वर्षं गोठ्यात उभी होती. पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं ती न्यायची त्यांची इच्छा होती.

"तिथले परीक्षक बॉनेट उघडून बघतात," ते म्हणाले. "इंजिनाचा रंग कारखान्यातला आहे का, हे पहिलं बघतात. मला तो रंग पाहिजे. लहानपणी मी तो पाहिलाय, पण आता आठवत नाही. मेल्यासारखा हिरवा होता एवढंच डोक्यात आहे."

हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं, पण त्या काळी प्रत्येक कारखान्याचा इंजिनाचा एक ठरलेला रंग असायचा. कुणाचा राखाडी, कुणाचा निळा, कुणाचा तांबडा. गाडीच्या अंगाचा रंग गिऱ्हाइकाच्या आवडीचा, इंजिनाचा मात्र कारखान्याचा. पुढं मग ज्या मिस्त्रीला जो डबा हाताशी लागला तो त्यानं फासला. डॉक्टरांच्या इंजिनावर वरून चंदेरी होता, त्याखाली लाल, त्याखाली काळा. मी दोन दिवस रॉकेल आणि पातळ पात्यानं खरवडत होते. शेवटी ब्लॉकच्या कडेला रिव्हेटनं ठोकलेली नंबराची पट्टी होती, ती मी उचकटली. तिच्याखाली बोटभर जागेत मूळ रंग जसाच्या तसा होता. राखेत हिरवा कालवावा तसा. शेवग्याचं पान उलटं केलं की मागून दिसतो, जवळजवळ तो.

दादाला हाक मारली. तो आला, उकिडवा बसला आणि बराच वेळ त्या बोटभर जागेकडे बघत राहिला. मग उठून दाराबाहेर उन्हात जाऊन बसला आणि डबे उघडायला लागला. दादाला रंग कालवताना बघणं हे मला जन्मभर आवडत आलं. तेव्हा त्याचा आवाज खाली यायचा, खांदे खाली यायचे. पत्र्याच्या तुकड्यावर एक पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा, ब्लॉकजवळ नेऊन धरायचा, मान हलवायचा, परत यायचा. काळ्याचा एक थेंब. पिवळ्याचा अर्धा. चौथ्या दिवशी त्यानं धरलेला तुकडा आणि ब्लॉक यांत फरक सांगता येईना. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तो पत्रा हातात घेतला आणि नाकाशी नेला, वास येणार असल्यासारखा. "हाच," एवढंच म्हणाले.

माझ्या बाजूला वेगळी कटकट होती. त्या इंजिनाला वरपर्यंत तेल पोचतच नव्हतं. खालच्या तेलाच्या चेंबरमधून, बारीक जाळीतून, पंप तेल ओढतो, तांब्याच्या बारीक नळीतून ते वर झडपा दाबणाऱ्या रॉकरपर्यंत जातं. डॉक्टरांची गाडी शेवटी शेवटी चिमण्यांसारखी चिवचिवायची, ती त्यामुळेच. रॉकर कोरडे चालत होते. मी रॉकरचा शाफ्ट काढला तर आतून तो जळलेल्या तेलाच्या गाळानं गच्च भरला होता, डांबर झालं होतं त्याचं. तारेनं एकेक भोक मोकळं केलं. चेंबर खरवडला. बेअरिंगं संपली होती, ती पुण्याहून नव्यानं धातू ओतून आणायची ठरली.

भांडण ब्लॉक धुतल्यावर झालं. ब्लॉक आतून स्वच्छ, ओतीव लोखंडाचा राखट रंग चमकत होता. दादा म्हणाला, "आतूनपण देऊ. चेंबरला, टॅपेटच्या कव्हरला, सगळ्याला. परीक्षकानं कव्हर उचललं तर वाटलं पाहिजे."

"आत नाही द्यायचा," मी म्हणाले. "हा साधा रंग आहे. तापलेल्या तेलात सुटेल. सुटला की जाळीवर जाऊन बसेल, आणि पंपाला तेल मिळणार नाही."

"चांगला तापवून बेक केल्यावर कसा सुटेल?"

"दादा, इंजिन माझं आहे. बाहेरून काय करायचं ते कर."

'माझं' हा शब्द त्याला लागला. थिनरचा डबा त्याच्या हातात होता. तो त्यानं फेकला. कानाशेजारून जाईल असं मला वाटलं, पण तो भुवईवर बसला. रक्तानं डोळा भरला आणि थिनरनं दुसरा. मी नळाखाली डोकं धरून उभी राहिले आणि तो मागं उभा राहून ओरडत होता, "बघ, बघ, मला बोलायला लावतेस." नंतर त्यानंच दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. वाटेत रसवंतीवर थांबून त्यानं मला उसाचा रस पाजला. आमच्याकडे माफी अशीच मागितली जायची. विषय संपला असं मी धरलं.

मी पुण्याला बेअरिंगं आणायला गेले, दोन दिवस मोडले. परत आले तर ब्लॉक स्टँडवर उलटा टांगलेला होता, पोट वर करून. आतून हिरवा. चेंबर आतून हिरवा. कोपरान् कोपरा, कुठं थेंब नाही, कुठं ओघळ नाही. इतकं सुंदर काम मी आजवर पाहिलं नाही. दादा शेजारी उभा होता, हातात स्प्रे गन, आणि हसत होता. त्याला हसताना मी किती वर्षांनी बघत होते कोण जाणे.

"कसं दिसतंय?" त्यानं विचारलं.

माझी भुवई अजून ओढत होती. मी नखानं एका ठिकाणी खरवडून पाहिलं. रंग निघाला नाही. कदाचित टिकेल, असं मी मनाशी म्हटलं. टिकणार नाही हे मला माहीत होतं.

"छान," मी म्हणाले.

त्याच रंगावर मी इंजिन जोडलं. आठ दिवसांनी चालू केलं तेव्हा पहिल्या दमात वर तेल आलं, रॉकर ओले झाले, चिवचिव नाही, काही नाही. तेलाच्या दाबाचा काटा जागच्या जागी उभा. शेडमध्ये तासभर चाललं. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली.

डॉक्टर गाडी न्यायला आले, ते स्वतः चालवत सोनईला जाणार म्हणून. मी पुढं त्यांच्याशेजारी, दादा मागच्या सीटवर. शहर ओलांडलं, संभाजीनगर रस्त्याला लागलो. डॉक्टर पोरासारखे खूश होते, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकला हॉर्न देत होते. जेऊर मागं पडलं. पुढं घाट उतरताना त्यांनी गिअर खालचा घेतला, इंजिन वरच्या सुरात गेलं आणि मी बघत असतानाच तेलाचा काटा हळूच खाली यायला लागला.

"डॉक्टर, बाजूला घ्या," मी म्हणाले.

"घाटात काटा हलतोच," दादा मागून म्हणाला.

"घ्या बाजूला."

घाट संपल्यावर त्यांनी गाडी थांबवली. मी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेल पूर्ण होतं. तेल पूर्ण आहे आणि दाब नाही, म्हणजे पंपाला ते ओढता येत नाही. म्हणजे जाळी बुजली आहे. हे मला एका क्षणात कळलं. मी मान वर केली. दादा समोर उभा होता आणि त्यालाही कळलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी लहानपणापासून ओळखत होते.

"काय झालं ग पोरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तापलंय," मी म्हणाले. "जरा गार होऊ द्या."

दहा मिनिटांनी चालू केलं तर काटा पुन्हा वर. पंप बंद झाला की ओढ संपते, जाळीवरचा कचरा खाली पडतो, म्हणून दाब येतो. परत बसायला वेळ लागत नाही. तेही मला माहीत होतं. आम्ही निघालो.

घोडेगावात बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेम्पो, दाव्याला धरलेली जनावरं, गर्दी. काटा शून्यावर गेला तेव्हा मी ओरडले, पण तोवर आतून ठोके सुरू झाले होते. सुरुवातीला दारावर कुणी थाप मारावी तसे, मग हातोड्यासारखे. डॉक्टरांनी पाय काढला, पण उशीर झाला होता. बंदुकीसारखा आवाज झाला. कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकची बाजू फोडून बाहेर आला. बॉनेटच्या फटींतून उकळत्या तेलाचा फवारा आणि पांढरा धूर उडाला.

आमच्या अगदी शेजारून एक माणूस बैलजोडी घेऊन चालला होता. गरम तेल एका बैलाच्या फऱ्यावर उडालं. तो उधळला. त्यानं त्या माणसाला दाव्यासकट फरपटत नेलं आणि रस्त्याकडेच्या गटारीत बैल पुढच्या पायावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मला गाडीत ऐकू आला. मी इंजिनातले सगळे आवाज ऐकले आहेत, तसला एकही नाही.

बैलवाला उठला. गुडघे सोललेले, हातात चाबूक. "माझा बैल मारला की रं!" तो गाडीकडे धावला. त्या वेळी दादानं गप्प बसायला पाहिजे होतं. तो खाली उतरला आणि त्यानं त्या माणसाच्या तोंडावर ठोसा मारला. मग जे झालं ते फार वेगानं झालं. चाबूक दादाच्या तोंडावर बसला, गालापासून मानेपर्यंत. त्याला चारी बाजूंनी लोकांनी धरलं. लाथा, काठ्या, एकाच्या हातात टेम्पोच्या मागच्या फाळक्याची लोखंडी खिट्टी होती. दादा खाली पडला, डोकं हातांत लपवून. मी गाडीला पाठ लावून उभी होते. धावले नाही, ओरडले नाही. मनात एकच होतं: बसू दे त्यालाही. हे लिहायला मला चार वर्षं लागली.

"सोडा त्याला!" डॉक्टर ओरडले. त्या बाजारात त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता. गर्दी मागं सरली. डॉक्टरांनी माझ्या भावाकडे किंवा स्वतःच्या गाडीकडे पाहिलंही नाही. ते सरळ गटारीत उतरले, बैलाजवळ बसले, त्याच्या मानेवर हात ठेवला.

दादा उठला. ओठ फाटला होता, एक दात गेला होता. तो माझ्याकडे आला, माझी वेणी हाताला गुंडाळली आणि माझं डोकं तापलेल्या बॉनेटवर आपटलं. "बेअरिंगं हिनं बसवलीत!" तो लोकांना सांगत होता. "बाईच्या हातात इंजिन दिलं, ही माझी चूक!" दुसऱ्यांदा आपटलं. बैलासाठी त्याला तुडवणारी तीच माणसं आता बाजूला झाली. भाऊ-बहिणीचं आहे, घरचं आहे, असं कुणीतरी म्हणालं.

बैल उठणार नव्हता. बाजारात ड्युटीवर असलेल्या सरकारी डॉक्टरला बोलावलं आणि दोघांनी मिळून त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं. बैलवाला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. रडत नव्हता, त्याच्या कानाच्या मागं खाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी टेम्पोतून केडगावला आली आणि तिच्या मागोमाग डॉक्टर. "माझ्या डोळ्यांदेखत उघड," ते म्हणाले. माझा चेहरा सुजला होता, कपाळावर भाजल्याचे फोड होते. दादा कोपऱ्यात स्टुलावर बसून होता. मी गाडीखाली शिरले, तेल सोडलं, चेंबर उतरवला आणि ओढून उजेडात आणला.

जाळीवर हिरव्या सालांचा थर होता. कांद्याच्या सालींसारखा, एकावर एक, कुठून सुई जाणार नाही असा. बाकीच्या साली तळाशी उरलेल्या थोड्या तेलात तरंगत होत्या. चेंबर आतून जागोजाग उघडा पडला होता.

डॉक्टर वाकले. एक साल बोटावर घेतली. "हा तर आपलाच रंग," ते म्हणाले. "आत कसा आला?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा उठला. "ती खोटं बोलतीय," तो म्हणाला. मी अजून काही बोललेही नव्हते. त्याच्या हातात मोठा पाना होता. पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला आणि हात खांद्यापासून बधिर झाला. मी खाली बसले. माझ्या शेजारी जॅकची टॉमी पडली होती, हातभर लांब, लोखंडी. त्यानं पुन्हा पाना उचलला. मी डाव्या हातानं टॉमी उचलली आणि त्याच्या उजव्या मनगटावर मारली.

पाना पडला. मी तिथं थांबायला पाहिजे होतं. मी परत मारली, त्याच जागी, आणि तिसऱ्यांदाही मारली असती. डॉक्टरांनी मागून मला कवेत धरलं. म्हाताऱ्याच्या अंगात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. दादा जमिनीवर होता आणि त्याचा पंजा नको त्या दिशेला वळला होता. तो ओरडत नव्हता. माझ्याकडे नवलानं बघत होता.

"मी माणसांचा डॉक्टर नव्हे," असं पुटपुटत डॉक्टरांनी रंग ढवळायच्या दोन लाकडी पट्ट्या घेतल्या, माझी ओढणी मागितली आणि त्याचा हात बांधला. मग गाडी घेऊन आलेल्या टेम्पोतूनच आम्हा दोघांना दवाखान्यात नेलं. तिथं दादानं सांगितलं, जॅक घसरला. मी खांद्याचं सांगितलं, पडले. दवाखान्यातल्या नर्सनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. दादानं रंग आतून दिला, हे तर सांगितलंच, पण मी तो जोडायच्या आधी पाहिला होता, घाटाखाली मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही, हेही सांगितलं. ते मला समजून घेतील असं वाटलं होतं. माझं कपाळ त्यांच्यासमोर होतं.

"म्हणजे तो बैल तुम्ही दोघांनी मारला," ते म्हणाले. "मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं तुला. मी हात उगारणारा माणूस होतो का?"

बैलवाल्याचं पुढं त्यांनी आपसात काय मिटवलं ते मला सांगितलं नाही. मी एकदा घोडेगावला जाऊन त्याला भेटले. त्यानं चहा पाजला, पण माझ्याशी बोलला नाही.

दादाचं मनगट वाकडं जुळलं. स्प्रे गन धरली की हात थरथरायचा, आणि थरथरत्या हातानं ओघळ येतात. तो गॅरेजला येईनासा झाला. दिवसभर घरी बसायचा. एकदा वहिनी भाजीच्या गाड्यावर भेटल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांचा उजवा मोडलात. मी देवापुढं बसते तेव्हा तुमच्यासाठी काय मागावं, तेच कळत नाही."

आठ महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला. शेवगावकडच्या एका मळ्यात, विहिरीच्या पंपाला जोडलेलं, त्याच जातीचं इंजिन सापडलं होतं. मालक द्यायला तयार होता. डॉक्टर दुसऱ्या कुणाकडेही जाऊ शकले असते. "तुला काय चुकलं ते माहीत आहे," ते म्हणाले, "दुसऱ्याला ते पहिल्यापासून शिकवावं लागेल."

मी ब्लॉक आणला, धुतला, आणि रंगाशी अडले. दादानं कालवलेला संपला होता. पत्र्याचा तुकडा समोर ठेवून मी पाच दिवस कालवत होते. कधी पिवळा जास्त, कधी काळपट. सहाव्या दिवशी मी दादाच्या घरी गेले. तो दारात आला. मी तुकडा पुढं केला. "होत नाही माझ्याच्यानं," म्हणाले. त्यानं चप्पल घातली आणि माझ्यापुढं चालायला लागला.

शेडमध्ये त्यानं डाव्या हातानं डबे उघडले. तो सांगायचा तेवढाच थेंब मी टाकायचे. रंग जुळल्यावर तो म्हणाला, "गन तू धर. मी सांगतो." त्यानं शिकवलं. हात कुठून सुरू करायचा, कुठं सोडायचा. मी चुकले की त्याचा श्वास जोरात यायचा, आणि माझं अंग आपोआप आक्रसायचं. ते त्याला दिसलं. तो दोन पावलं मागं जाऊन उभा राहिला.

बाहेरून झालं. "आत?" त्यानंच विचारलं.

"नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी गन खाली ठेवली. "दादा, तेव्हा मी बघितला होता. जोडायच्या आधी. सुटणार हे मला माहीत होतं."

त्याला हे माहीत नव्हतं. त्याचा चेहरा आधी रिकामा झाला, मग लाल झाला. "आणि 'छान' म्हणालीस?"

"हो."

"का?"

"तू मारशील म्हणून."

वाकड्या हाताची बोटं मिटून उघडली. मग बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि संध्याकाळ होईपर्यंत उठला नाही. मी काम करत राहिले.

इंजिन जुळलं, गाडी सोनईला सुखरूप पोचली. डॉक्टरांनी ती पुण्याला नेलीच नाही. गावातल्या गावात फिरवतात. दादा आता गॅरेजला येतो, रंग कालवतो, मी मारते. आमच्यात सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. गेल्या पावसाळ्यात त्यानं वहिनींवर डावा हात उगारला. वहिनी निघून माझ्याकडे आल्या. तो तासाभरानं गॅरेजच्या दारात उभा राहिला, "तिला बाहेर पाठव" म्हणाला. मी कामावरून उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. माझ्या हातात काही नव्हतं.

"तिला यायचं असेल तेव्हा येईल," मी म्हणाले. "तू घरी जा."

बराच वेळ तो तिथंच उभा राहिला. मग गेला. वहिनी एकवीस दिवस माझ्याकडे राहिल्या.